एलईडी वॉलवाल्या दादासाहेबांना खुले पत्र

श्री. रा. रा. एलईडी वॉलवाले दादासाहेब,
मुक्काम पोस्ट वर्धा, यांस

नवरीच्या मामाचा सादर प्रणाम. विनंती विशेष.

पत्रास कारण की, आमच्या भाचीच्या लग्नाच्या फिल्मचा पेनड्राइव्ह पोचला. मखमली डबीत, वर सोनेरी फीत. डबी फार सुरेख आहे. ती घरातल्या सगळ्यांना स्पष्ट दिसली, त्याबद्दल आधी आभार मानून घेतो. डबीच्या आत जे आहे त्याचे आभार मानायला जरा जास्त शब्द लागतील, तेवढी सवड आपण काढावी.

बुकिंगला आपल्या दुकानात आलो तेव्हा आपण मोबाइलवर एक क्लिप दाखवली होती. काळ्या पडद्यापुढे एक मुलगी गिरकी घेते, तिच्या बोटांच्या टोकांतून सोनेरी भुकटी उसळते, हात वळेल तशी वळते आणि हात थांबला की हळूहळू खाली बसते. काम देखणे होते, खोटे कशाला बोलू. भाचीचे डोळे चमकले. मी ॲडव्हान्स मोजला. आपण म्हणालात, "मामा, हललं का उधळतं. एकदम लाईव्ह!" न हलणाऱ्याचे काय होते, हे आपण बोलला नाहीत. धंद्यात इतका मितभाषी माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

दादासाहेब, आपण शेकडो लग्ने उजळली असतील, तेव्हा आपल्याला हे सांगणे म्हणजे आगाऊपणा. पण मुहूर्ताच्या वेळी नवरी हलत नाही. तशी पद्धत आहे. ती पाटावर उभी असते, समोर अंतरपाट, हातात हार, कपाळाला मुंडावळ्या, मागे मामा. नवरदेवही तसाच उभा. मंगलाष्टके चालू असेपर्यंत त्या दोघांनी करायचे काहीच नसते आणि त्याचसाठी अख्खा गाव जेवायला बोलावलेला असतो.

आपल्या संगणकाने त्या दोघांकडे पाहिले. फुल एचडी चित्रात २० लाखांहून जास्त ठिपके. सेकंदाला अशी कितीतरी चित्रे. प्रत्येक चित्रातून आधीचे चित्र वजा करायचे, जिथे फरक पडला तिथून कण उडवायचे, जिथे वजाबाकी शून्य तिथे काळे. हिशेब अगदी चोख होता. नवरी वजा नवरी, बाकी शून्य. नवरदेव वजा नवरदेव, बाकी शून्य. गोरज मुहूर्ताच्या ऐन क्षणी बारा फुटी भिंतीवर काळोख, आणि त्या काळोखात भटजींची हनुवटी. मंगलाष्टकांच्या तालावर वरखाली होणारी, सोन्याने मढलेली, एकटी हनुवटी. भटजींचा एवढा सत्कार त्यांच्या आयुष्यात कोणी केला नसेल. ते अजून त्याच आनंदात आहेत, दक्षिणा वाढवून मागतात.

मी स्वतः नवरीच्या मागे उभा होतो. माझ्याकडूनही काही हालचाल झाली नाही. माझीही बाकी शून्य.

उलट ज्यांनी त्या संध्याकाळी मनापासून हालचाल केली, त्यांना आपण भरभरून दिलेत. मठ्ठ्याचे ग्लास ट्रेमध्ये घेऊन एक वाढपी पोरगा व्यासपीठापुढून गेला. त्याच्या दोन्ही खांद्यांमागे सोन्याचे पंख उघडले, ट्रेमधून ठिणग्यांची धार लागली. मांडवातले सगळे मंगलाष्टके सोडून भिंतीकडे पाहू लागले. नवरदेवाच्या मावशींनी शेजारणीला विचारले, "हा कोण हो, लहान दीर का?" पोराने मान वर करून पाहिले, आपणच आहोत हे त्याच्या लक्षात आले आणि तो त्याच वाटेने परत गेला. मग पुन्हा आला, तेव्हा ट्रे रिकामा होता. चाल मात्र बदलली होती.

तरी फिल्मचा खरा नायक तोही नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, संध्याकाळीही जमिनीतून वाफा निघतात, म्हणून मांडववाल्याने पाण्याचा फवारा मारणारा भला मोठा पंखा व्यासपीठाच्या कडेला ठेवला होता. तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होता आणि त्याच्या तोंडातून खरेखुरे कण निघत होते. आपल्या संगणकाला तर माहेरचे माणूस भेटल्यागत झाले. एका थेंबामागे त्याने किती कण उधळले, देव जाणे. पंखा मुहूर्ताला थांबला नाही, कन्यादानाला थांबला नाही, व्याह्यांच्या रुसव्याला थांबला नाही. त्यामुळे सबंध फिल्ममध्ये सलग दिसतो तो एकटा तोच. भाचीने सासरच्या लोकांना फिल्म दाखवली, तेव्हा त्यांनी पंखा कुठून आणला होता याची चौकशी केली.

डिजिटल अक्षतांबद्दल तर आपले उपकार कसे फेडू? "तांदूळ काहून वाया घालवता मामा," असे म्हणत आपण समाजकार्यही उरकून घेतलेत. पाहुण्यांकडे तोंड करून दुसरा कॅमेरा लावायचा, पाहुण्यांनी नुसता हात उडवायचा, हात ज्या दिशेने जाईल त्या दिशेने भिंतीवर सोन्याचे दाणे उडतील. कल्पनेला मी आजही नमस्कार करतो. फक्त चित्राचे डावे-उजवे उलटवायचे राहिले, त्यामुळे नवरीच्या पाहुण्यांनी टाकलेल्या अक्षता नवरदेवाच्या बाजूने येऊ लागल्या. आहेराच्या बाबतीतही पुढे असाच गोंधळ झाला, पण त्यात आपला दोष नाही.

शिवाय कॅमेऱ्यातून कार्डात, कार्डातून संगणकात, संगणकातून भिंतीच्या प्रोसेसरमध्ये, असा त्या अक्षतांचा प्रवास. वाटेत प्रत्येक जण चित्र जरा धरून ठेवतो आणि संगणकावर त्याच्या ताकदीबाहेर कण लादले की तो आणखी मागे पडतो. भटजी 'सावधान' म्हणाले, हात उडाले आणि अक्षता पडल्या त्या पुढच्या मंगलाष्टकाच्या पहिल्या ओळीवर. हिंगणघाटकडचे आमचे एक काका जुन्या वळणाचे, खिशात हळदीचे तांदूळ भरून आले होते. त्यांनी वेळेवर टाकले. कॅमेऱ्याने तेही पाहिले आणि प्रत्येक तांदळाच्या मागे कणांचा लोट सोडला. पैसे मोजलेल्या अक्षता उशिरा आल्या, खिशातल्या वेळेवर.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा निदेशक होतो, तेव्हा आपल्या विद्येबद्दल मला आदर आहे, हे आवर्जून लिहितो. १९८१ मध्ये अमेरिकेत हॉर्न आणि शुंक या जोडीने, आणि त्याच वर्षी लुकास आणि कानडे या दुसऱ्या जोडीने, लागोपाठच्या दोन चित्रांत कुठला ठिपका कुणीकडे सरकला हे काढायच्या रीती मांडल्या. लोक त्याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. पुढल्याच वर्षी 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या सिनेमात एक ओसाड ग्रह पेटताना दाखवायचा होता, तेव्हा विल्यम रीव्हज यांनी हजारो ठिपक्यांना प्रत्येकाचा वेगळा जन्म, वेग, रंग आणि मरण देऊन ती आग उभी केली. १९८३ मध्ये त्यावर त्यांनी निबंधही लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरने एकाची दिशा घेतली, दुसऱ्याचे कण घेतले आणि दोघांचे लग्न लावले. आमच्या मांडवात त्या दिवशी नीट लागलेले तेवढे एकच लग्न कॅमेऱ्याला दिसले.

पण त्या १९८१ च्या मंडळींनी एक अट घातली होती. वस्तू सरकली तरी तिचा उजळपणा तोच राहिला पाहिजे, म्हणजे सरकली कुठे ते ओळखता येते. आपण मांडवात चारी कोपऱ्यांत शार्पी नावाचे फिरते झोतदिवे लावलेत. निळा झोत, जांभळा झोत, हिरवा झोत. एका जागी बसलेला माणूस दर क्षणाला उजळत होता, विझत होता, आणि संगणक बिचारा समजत होता की हे गृहस्थ मांडवभर धावत आहेत. आमच्या व्याह्यांना गुडघ्याचा त्रास आहे. फिल्ममध्ये त्यांचा डावा खांदा व्यासपीठाकडून दाराकडे असा वेगाने निघालेला पाहून त्यांच्या डॉक्टरांनाही समाधान वाटेल.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले आणि सेकंदाला २५ चित्रे घेतली की ती थरथर जाते. एका बटणाचे काम. आपला कॅमेरा मात्र अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर होता. त्याला वर्ध्यात आणल्याचे कोणी सांगितले नसावे. उजेडाचे पट्टे चित्रात सावकाश वर चढत राहिले, प्रत्येक पट्टा ही एक हालचाल, प्रत्येक हालचालीला सोने. वरात अजून चौकात नाचत होती, व्यासपीठावर चिटपाखरू नव्हते आणि भिंतीवर रिकाम्या खुर्च्यांचा दैदीप्यमान सोहळा चालू होता. मग लाईन गेली, जनरेटर लागला, कॅमेऱ्याच्या ऑटो एक्सपोजरने सगळे चित्र एका झटक्यात उजळवले आणि खुर्च्यांचा स्फोट झाला. समोर बसलेल्या दोन बाळांनी भोकाड पसरले. तेवढी दाद आपल्याला जागच्या जागी मिळाली.

भिंत आपण नवरा-नवरीच्या बरोबर मागे उभी केलीत. कॅमेरा नवरा-नवरीकडे, म्हणजे भिंतीकडे. भिंतीवर कण उडाले, कॅमेऱ्याने ते पाहिले, संगणक म्हणाला हालचाल झाली, आणखी कण उडवा. माइक स्पीकरपुढे धरला की जशी शिट्टी वाढत जाते, तसा तो प्रकाश वाढत गेला. माइकवाला निदान धावत येऊन आवाज कमी करतो. आपला ऑपरेटर तेव्हा आलू-वांग्याची भाजी आणि पुरी घेऊन बसला होता, आणि जेवत्या माणसाला उठवू नये, हे आमच्या घरचे वळण. त्याने शेवटचा घास घेईपर्यंत भिंत नुसती पांढरी झाली होती. सप्तपदीचे चित्रण म्हणून आपण जे दिले आहे, ते हेच पांढरे आहे. त्यावर आपण संथ सनई घातली आहे, ती आवडली.

क्रेनबद्दल लिहिल्यावाचून पत्र पुरे होणार नाही. चित्रातून चित्र वजा करायचे तर कॅमेरा जागेवर घट्ट हवा, एवढे आमच्या पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यांनाही कळते. आपण तोच कॅमेरा क्रेनवर चढवलात. क्रेन फिरली की मांडवातली प्रत्येक वस्तू एकदम 'हलली'. नवरी, नवरदेव, खांब, झालर, खुर्च्या, वाळूची लाल बादली, सगळ्यांवर सारखेच सोने. समतेचा असा प्रयोग वर्ध्यात व्हावा, हे योग्यच झाले. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी इथले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले, त्या गावात आपण नवरी आणि बादली यांच्यातला भेद मिटवलात.

वर्ध्याचे नाव निघालेच आहे, तर एक विचार मनात येतो. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, आले. त्यांची सकाळ-संध्याकाळची फिरायची चाल अशी झपाट्याची, की बरोबरच्यांची तारांबळ उडे. ते आपल्या भिंतीवर छान उमटले असते. पण ते चरख्यापाशी बसले, की आपला संगणक काय ठेवणार? फिरणारे चाक आणि सूत ओढणारा एक हात. कातणारा गेला. विनोबा १९५१ पासून भूदानासाठी देशभर पायी फिरले, त्या वर्षांत सोन्याचा पाऊस. मग पवनारला, धाम नदीच्या काठी ते शांत बसले, की आपल्याकडे नदी तेवढी दिसणार. हे दोघे आपल्या पॅकेजच्या आधीच होऊन गेले, हे या जिल्ह्याचे भाग्य.

स्थिर माणसाला पुसून टाकल्याशिवाय ही कला होतच नाही, असे आपले प्रामाणिक मत असेल, तर त्याचा मान राखून एक सांगतो. १९९९ मध्ये कॅमिल अटरबॅक आणि रोमी अखितुव यांनी 'टेक्स्ट रेन' नावाची कलाकृती केली. पडद्यावर आपले चित्र दिसते आणि वरून अक्षरांचा पाऊस पडतो. अक्षर जिथे गडद वस्तूला लागेल तिथे थांबते. आपण हात पसरून उभे राहिलो, की दंडावर, तळव्यावर अक्षरे साचतात, शब्द जुळतात, कवितेची ओळ तयार होते. हात झटकला की ओळ गेली. तिथे जो थांबतो त्यालाच वाचायला मिळते. कॅमेरा तोच, कण तेच, फक्त करणाऱ्याने आधी विचार केला होता की पडद्यापुढे कोण उभे राहणार आहे.

आपल्यालाही जमले असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. वऱ्हाडी यायच्या आधी, दिवे लावून, रिकाम्या व्यासपीठाचे एक चित्र घेऊन ठेवायचे आणि पुढचे प्रत्येक चित्र त्या रिकाम्या चित्रातून वजा करायचे. मग नवरी हलो वा न हलो, ती रिकाम्या व्यासपीठापेक्षा वेगळी दिसणारच. नाहीतर अंतर मोजणारा कॅमेरा आणायचा. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिडिओ गेमसाठी काढलेला किनेक्ट अवरक्त ठिपक्यांनी माणसाचे अंतर मोजे आणि उभ्या माणसाची आकृती उभी काढून देई. त्याचे उत्पादन बंद पडून वर्षे झाली, जुना सहज मिळतो. पण पहिल्या उपायासाठी वऱ्हाडाच्या आधी यावे लागते. आपण वरातीच्या मागून आलात. नवरदेवाच्या गाडीला ओव्हरटेक करणे आपल्या संस्कारात बसले नसेल.

आता एक घरगुती गोष्ट. माझी आई, म्हणजे नवरीची आजी, आर्वीहून आली होती. नऊवारी नेसून पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसली. तिचे वय झाले आहे. बसली की बसते. हात मांडीवर, पदर डोक्यावर, नजर नातीवर. दोन्ही बाजूच्या बायका हातातल्या पत्रिकेने वारा घेत होत्या. फिल्ममध्ये डावीकडे एक पत्रिका सोन्याने फडफडते, उजवीकडे एक पत्रिका सोन्याने फडफडते आणि मध्ये काळोख आहे. क्रेन फिरली तेव्हा त्या काळोखात डोळ्यावर येणारा पदर आणि नाकाचा शेंडा लुकलुकला, खुर्चीच्या पाठीसकट, आणि विझला.

आईने सगळी फिल्म पाहिली. मध्ये उठली नाही. संपल्यावर मला म्हणाली, "काऊन रे, मी नव्हती का लग्नाले?" मी तिला आपले तंत्र समजावून सांगितले. जो हलतो तोच येतो, म्हटले. तिने विचार केला आणि म्हणाली, "मंग आधी सांगाचं ना बाप्पा. नाचली असती."

तिच्यासाठी मूळ चित्रण मागायला मी आपल्याकडे आलो होतो. इफेक्टच्या आधीचे, कॅमेऱ्यातून निघाले तसे. आपल्या धंद्यात त्याला क्लीन फीड म्हणतात, आणि ते वेगळे साठवून ठेवायचे असते, कारण इफेक्ट मागाहून चढवता येतो, उतरवता येत नाही. आपण मोठ्या मायेने पाठीवर हात ठेवून म्हणालात, "मामा, ते ठेवत नाही आपण. जागा लय खाते." खरे आहे. नवरी, नवरदेव, नवरीचे आई-वडील, आजी, एवढी माणसे म्हटली की जागा लागतेच. पंख्याला किती लागली ते आपण बोलला नाहीत, आणि विचारणे मलाही बरे वाटले नाही.

आपल्या मनात किंतु राहू नये म्हणून सांगतो, भाची रागावलेली नाही. तिच्या मैत्रिणीने मागच्या रांगेतून मोबाइलवर एक फोटो काढला होता. हात हलल्याने जरा पुसट आहे, कोपऱ्यात कोणाचा तरी कान आला आहे. त्यात अंतरपाट आहे, दोघे आहेत, मागे मी आहे, आणि पुढच्या रांगेत आईची पाठ आहे. तो आम्ही मोठा करून लावला. त्याचे पैसे कोणी मागितले नाहीत.

राहिला प्रश्न आपल्या बाकी रकमेचा. आपला निरोप तीनदा येऊन गेला, त्या तत्परतेचे कौतुक वाटते. चेक लिहून तयार आहे. येत्या सोमवारी, गोरसपाकाचा एक पुडा बरोबर घेऊन, मी स्वतः आपल्या दुकानात येतो. काउंटरसमोर उभा राहीन, चेक दोन बोटांत धरून, आणि जराही हलणार नाही. आपल्याला दिसला, तर घेऊन टाकावा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
नवरीचा मामा

ता. क. मठ्ठ्याच्या पोराला फिल्मची एक प्रत दिली. त्याला ती इतकी आवडली, की पुढल्या वर्षी त्याच्या लग्नात आपलेच पॅकेज लावणार म्हणतो. आपला नंबर दिला आहे. मठ्ठा मात्र त्या दिवशी तो स्वतःच वाटणार आहे.